सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग ठणकतंय. फायब्रोमायल्जिया नेमका कशाने होतो?

ठाणेकर_वैशू

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

वय ४४, ठाण्यात राहते, पतपेढीत काउंटरला नोकरी. गेलं दीड-पावणेदोन वर्ष अंग दुखतंय. एक जागा असेल तर सांगावी. मान, खांदे, पाठीचे फरे, कंबर, मांड्या, पोटऱ्या, आज हे तर उद्या ते आणि काही दिवस सगळं एकदमच. सकाळी उठतानाच अंग मोडून आलेलं असतं, झोपून उठलं की बरं वाटतं हे मी विसरूनच गेलेय. पाच लिटरचा भरलेला कुकर गॅसवरून उतरवायचा तर मुलीला हाक मारावी लागते. ब्लाऊजची शिवण खांद्यावर जिथे येते तिथे संध्याकाळपर्यंत आग आग होते. लोकलमध्ये कुणाची पर्स दंडाला घासून गेली तरी डोळ्यात पाणी येतं, समोरची म्हणते एवढं काय झालं, मी काय सांगणार तिला. शिवाय डोकं पण चालत नाही, नोटा मोजताना मध्येच आकडा विसरते, आधी असं कधी नव्हतं.

सुरुवात कशी झाली तर २०२४ च्या पावसाळ्यात पुण्याला भावाकडे गेले होते, तिथे ताप आला, चिकुनगुनिया निघाला. ताप गेला, सांधे दोन-तीन महिने धरलेले होते, बोटं सुजायची. ते सुटलं आणि मग हे सुरू झालं. त्याच वर्षी सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन, रात्रीचं उठणं-बसवणं सगळं माझ्याकडे. त्यामुळे मला कळतच नाही की कारण ताप आहे, का जागरण, का वय, का आणखीनच काही.

डॉक्टर बरेच झाले. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला, मानेत सी ५ - सी ६ या मणक्यांमधल्या गादीला थोडासा बल्ज (फुगवटा) आहे म्हणाले, ट्रॅक्शन झालं, पट्टा झाला. फॅमिली डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी कमी म्हणून पावडरीची पाकिटं दिली. शेवटी एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या डॉक्टरांकडे) गेले, त्यांनी अंगावर ठिकठिकाणी दाबून बघितलं, एक फॉर्म भरून घेतला आणि फायब्रोमायल्जिया सांगितलं. डुलॉक्सेटिन २० सुरू केली आणि रोज चाला म्हणाले. घरी येऊन नेटवर बघते तर ती डिप्रेशनची गोळी! मी रडकी नाहीये हो. नवरा काही बोलत नाही, पण नणंदबाई बोलल्याच, रिपोर्ट नॉर्मल आलेत ना, मग झालं तर.

तर विचारायचं असं की हा स्नायूंचा आजार आहे, नसांचा आहे का डोक्यातला आहे? कशाने होतो? माझ्या आईलाही आयुष्यभर "वात" होता, आनुवंशिक असेल तर मुलगी १६ ची आहे माझी. आणि अजून काही तपासायचं राहिलं असेल का?

---

नाना_सातारकर

ताई हा वातच. शरीरात वात कोपला की तो असाच हिंडतो, आज खांद्यात उद्या मांडीत. रात्री महानारायण तेल कोमट करून चोळा, वर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, वाटाणा-पावटा-वांगं महिनाभर बंद, एसीत बसू नका. आमच्या हिला याच्यानेच उतार पडला. गोळ्यांच्या नादी लागू नका.

---

जुना_लॅबवाला

नाना, तेल-शेकाला माझी ना नाही, बरं वाटतंच त्याने. गोळ्या सोडायला मात्र सांगू नका कुणाला.

वैशूताई, मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, डॉक्टर नाही, तेव्हा मी सांगतो ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न समजा. "सगळे रिपोर्ट नॉर्मल" म्हणजे नेमके कुठले हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच असतो. लोक फाईल घेऊन यायचे, जाडजूड, "फुल बॉडी" पॅकेजचे सत्तर-ऐंशी आकडे, पण दुखण्याशी ज्यांचा संबंध त्यातलं एखादं नेमकं गायब असायचं.

फायब्रो रक्तात दिसत नाही, त्याची टेस्टच नाही. पण फायब्रोसारखंच दुखवणाऱ्या बऱ्याच गोष्टी रक्तात दिसतात आणि त्यातल्या बऱ्याचशा बऱ्या होण्यासारख्या असतात म्हणून त्या आधी बघायच्या. पहिला थायरॉईड. रक्तातला टीएसएचचा आकडा वाढलेला असेल, म्हणजे थायरॉईड कमी चालत असेल, तर अंग जड, स्नायू दुखरे, गोळे येणं, थकवा, बद्धकोष्ठ, वजन, सगळं तुमच्या वर्णनात बसतं, आणि चाळिशीतल्या बायकांत तर फारच कॉमन. तो दोन वर्षांपूर्वीचा असेल तर पुन्हा करा. दुसरं डी. खूपच खाली गेलेलं असेल तर हाडं मऊ पडतात, मांड्यांतली ताकद जाते, जमिनीवर बसलं की उठताना हात टेकावा लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो. हे दुखणं खरं म्हणजे हाडांचं, पण माणूस सांगताना "अंग दुखतं" असंच सांगतो. तुमचा आकडा किती होता, २० च्या जरा खाली का ५-६? दोन्हीत फरक आहे. १७-१८ वरून एवढं सर्वांग दुखत नाही, तिथे नुसती पाकिटं खाऊन उपयोग होत नाही हे तुम्ही बघितलंच. आणि कृपा करून ती ६० हजार युनिटची पाकिटं मनाने चालू ठेवू नका, ८ आठवडे दिलीत तर ८ च, नंतर डॉक्टर सांगतील तसं. डी अंगात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास झालेले पेशंट मी बघितलेत, दर आठवड्याला पाकीट, वर इंजेक्शन, वर टॉनिक.

तिसरं, आणि हे कुणी विचारतच नाही, तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेता का? अ‍ॅटोर्वा, रोसुवा काही? त्याने काही लोकांच्या मांड्या-पोटऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्याच दुखतात, सीपीके (स्नायूंना त्रास झाला की रक्तात वाढतो तो) करून बघतात. थायरॉईड कमी असेल किंवा डी कमी असेल तर ह्या गोळीचा त्रास जास्त होतो म्हणे, म्हणजे एकात एक अडकलेलं असतं. चौथं ईएसआर आणि सीआरपी, आत कुठे सूज आहे का ते कळायला. फायब्रोत हे नॉर्मल असतात. ईएसआर वाढलेला असेल तर मग गोष्ट वेगळी, संधिवात किंवा पन्नाशीच्या पुढे खांदे आणि जांघा सकाळी आखडवणारा पॉलिमायल्जिया वगैरे. बी १२ शाकाहारी असाल तर बघाच.

उलट काही टेस्ट उगीच करू नका. आरए फॅक्टर आणि एएनए या संधिवातासारख्या आजारांसाठीच्या टेस्ट, पण त्या धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतात, मग त्या कागदाने झोप उडते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं तरच करायच्या.

---

रोखठोक_राव

कुणाला राग येईल पण बोलतो. आमच्या आज्या विहिरीवरून पाणी ओढायच्या, जात्यावर दळायच्या, त्यांना हा फायब्रो का काय तो नव्हता. मोबाईल, बसून काम, जागरण, टेन्शन आणि मग नवीन नवीन आजारांची नावं. औषध कंपन्यांना पेशंट हवेतच. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे मनाचं आहे, मन कामात गुंतवा, जाईल.

---

फिजिओ_मिरजेची

रावसाहेब, तुमच्या आजीला "वात" होताच, ती सांगत नव्हती, आणि सांगितलं असतं तरी कुणी ऐकून घेतलं नसतं. वैशूताईंची आई बघा की, आयुष्यभर.

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते कारण माझ्याकडे येणारी निम्मी मंडळी तिथेच अडकलेली असतात. दुखतंय स्नायूत, पण बिघाड स्नायूत नाही. फायब्रोच्या पेशंटच्या स्नायूंचे तुकडे काढून मायक्रोस्कोपखाली खूप तपासून झालेत, सूज म्हणावी अशी काही सापडत नाही, म्हणून तर ब्रुफेन-डायक्लोफिनॅक घेऊन फरक पडत नाही, त्या गोळ्या सुजेवर चालतात. बिघाड आहे तो दुखण्याचे निरोप वर मेंदूपर्यंत नेणाऱ्या आणि तिथे त्यांचा अर्थ लावणाऱ्या यंत्रणेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीचा अलार्म इतका नाजूक लावलेला असतो की बॉनेटवर मांजर बसलं तरी रात्री दोनला बोंबलतो. चोर नाही, पण आवाज खोटा आहे का? सगळी बिल्डिंग जागी होते. तुमच्या दंडाला घासलेली पर्स म्हणजे ते मांजर.

आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, अंगठ्याच्या नखावर मोजून दाब द्यायचा आणि त्याच वेळी एमआरआयमध्ये मेंदू बघायचा. फायब्रोवाल्यांना थोडासा दाब दिला तेव्हा मेंदूचे दुखण्याचे जे भाग पेटले, तेवढेच भाग निरोगी माणसात पेटवायला जवळपास दुप्पट दाब द्यावा लागला. म्हणजे पेशंट नाटक करत नाही, तिला खरोखर तेवढं दुखतं. त्याच्याही आधी १९९४ मध्ये पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं होतं, त्यात सबस्टन्स पी नावाचं दुखणं पोचवणारं रसायन साधारण तिप्पट निघालं. रावसाहेब, हे मनात बसून वाढवता येत नाही. जागतिक पेन संघटनेने २०१७ मध्ये अशा दुखण्याची वेगळी तिसरी जातच मान्य केली, जिथे ना इजा ना नस दबलेली, पण दुखण्याची यंत्रणाच बदललेली.

आता ती का बदलते. एकच एक कारण कुणालाही सापडलेलं नाही हे आधीच सांगते, म्हणजे शोधत बसून दमणार नाही तुम्ही. काहींचा पिंडच तसा असतो, जन्मतः जास्त जाणवणारा, आणि मग वरून काहीतरी बसतं. अपघात, ऑपरेशन, मोठा ताप, बाळंतपण, घरातला मृत्यू, लहानपणीची मारहाण, वर्षानुवर्षं चाललेली काळजी. एकाच माणसावर दोन-तीन एकदम बसले तर जास्तच. तुमचं तर चिकुनगुनिया आणि लगेच वर जागरणं. ताप का जागरण असं विचारलंत, तर "का" काढून टाका, "आणि" घाला.

चिकुनगुनियाचं जरा वेगळं सांगते. २००६ ला आपल्याकडे मोठी साथ आली होती तेव्हापासून हे पेशंट फिजिओच्या टेबलावर येतायत, २०२४ नंतर परत रांग लागली. त्यात दोन प्रकार दिसतात. काहींचे सांधेच महिनोन्महिने धरतात, बोटं, मनगटं, घोटे, सकाळी तासभर मूठ वळत नाही, हात लावला तर सांधा गरम लागतो. हा सांध्याचा आजार, त्याचे उपचार वेगळे. आणि काहींची सूज जाते पण दुखणं सांधे सोडून अंगभर पसरतं, झोप बिघडते, थकवा राहतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिलं होऊन गेलं आणि दुसरं राहिलं असं वाटतंय, पण सांध्यांना अजून सूज आहे का हे हात लावूनच कळतं, नेटवर नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने बोटं दाबून बघितली होती ना? मग बहुतेक त्यांनी बघितलंय.

मानेचा बल्ज विसरा. चाळिशीच्या कुठल्याही दहा माणसांचा एमआरआय काढा, ज्यांची मान आयुष्यात दुखली नाही त्यांच्यातही निघेल. हाताला मुंग्या, हाताची ताकद गेलेली, असं काही नसेल तर त्या पट्ट्याने उलट मान अजून आखडते.

व्यायामाबद्दल नंतर लिहिते, पेशंट आलाय.

---

मिशिगनवाली

मी मूळची नाशिकची, आता बरीच वर्षं इथे अमेरिकेत अ‍ॅन आर्बरजवळ. मला फायब्रो आहे, म्हणून गोळीबद्दल सांगते कारण मी पण अशीच चिडले होते.

डुलॉक्सेटिन डिप्रेशनला देतात हे खरं, पण इथल्या औषध खात्याने, एफडीएने, २००८ मध्ये ती फायब्रोसाठी म्हणून वेगळी मंजूर केलीये, प्रीगॅबलिन २००७ ला, मिलनासिप्रान २००९ ला. मेंदूकडून खाली मणक्याकडे दुखणं दाबणाऱ्या ज्या तारा येतात त्या सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर चालतात, ही गोळी तीच दोन वाढवते. डिप्रेशन नसलेल्यांनाही दुखण्यावर फरक पडतो असं अभ्यासात दिसलंय. तेव्हा तुम्हाला कुणी रडकी ठरवलेलं नाही. पण उगाच मोठी आशा पण नको, सगळ्यांना लागू पडत नाही, युरोपच्या औषध खात्याने तर या तिन्हींना फायब्रोसाठी मंजुरीच दिली नाही, फायदा पुरेसा वाटला नाही म्हणून. मला डुलॉक्सेटिनने नुसती मळमळ झाली, पुढे रात्री थोडीशी अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली त्याने झोप सुधारली. फक्त काहीही झालं तरी एकदम बंद करू नका, चक्कर येते, अंगात करंट मारल्यासारखं होतं, डॉक्टरला सांगून हळूहळू कमी करायची.

कारणांच्या बाबतीत मला सगळ्यात धक्का बसला तो २०२१ च्या एका अभ्यासाचा, लंडनचं किंग्ज कॉलेज, लिव्हरपूल आणि स्वीडनचं कॅरोलिन्स्का मिळून. फायब्रोच्या बायकांच्या रक्तातली अँटीबॉडी काढून उंदरांना टोचली, तर उंदीर दाबाला आणि गारठ्याला जास्त कळवळायला लागले, पंजाची पकड कमी झाली. निरोगी माणसाची टोचली तर काही नाही. अँटीबॉडी अंगातून गेल्यावर उंदीर परत ठीक. म्हणजे निदान काही जणींत हा रोगप्रतिकार शक्तीचा घोळ असू शकतो. त्याच्या आधी २०१३ ला बोस्टनमध्ये पायाच्या कातडीचे बारीक तुकडे काढून बघितले, तर चाळीस टक्क्यांच्या आसपास पेशंटमध्ये कातडीतल्या अगदी बारीक नसा कमी झालेल्या निघाल्या. त्यामुळे फिजिओताई, सगळाच बिघाड वर मेंदूत आहे असं पण म्हणता येत नाही ना?

---

फिजिओ_मिरजेची

बरोबर, तेही आहेच. बहुतेक फायब्रो या एका नावाखाली दोन-तीन वेगळे आजार एकत्र बसलेत असं मलाही वाटतं. पायाची आग, मुंग्या, झिणझिण्या जास्त असतील तर त्या बारीक नसांचं बघायला न्यूरोला दाखवावं. आणि साखर बघावी, आपल्याकडे बारीक नसा जायचं पहिलं कारण डायबिटीस.

पण उंदरांवरून अजून माणसासाठी औषध आलेलं नाही, तोपर्यंत हातात आहे ते करायचं. युरोपच्या ऱ्हुमॅटॉलॉजीवाल्यांनी २०१६ मध्ये सगळे उपाय तपासून जी यादी केली त्यात ठामपणे "करा" असं एकाच गोष्टीला म्हटलंय आणि ती व्यायाम. गोळ्यांना "चालेल, बघा" एवढंच.

फक्त कसा करायचा ते कुणी सांगत नाही. डॉक्टर म्हणतात चाला, पेशंट पहिल्याच दिवशी तलावपाळीला तीन फेऱ्या मारते, दुसऱ्या दिवशी उठता येत नाही, मग म्हणते मला व्यायाम सोसत नाही. घरकामाचंही तसंच. एक दिवस बरं वाटलं की सगळे डबे काढून फडताळ पुसायचं, माळा झाडायचा, पडदे धुवायचे आणि मग तीन दिवस अंथरुणात. दर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे याच बायका. बऱ्या दिवशी कमी करायचं आणि वाईट दिवशी थोडं तरी करायचं, हे जमायला महिने जातात. चालणं पाच मिनिटांपासून धरा, खरंच पाच, आठवडाभर तेवढंच, मग सहा-सात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं नेहमीपेक्षा फार वाढलं नाही तरच पुढे जायचं.

---

ताम्हिणी

पुरुषांना पण होतो हो हा आजार, मला आहे. बायकांत जास्त हे खरं, पण पुरुष बोलत नाहीत म्हणूनही आकडे कमी दिसत असतील असं माझं मत. रावसाहेब, जगात शंभरातल्या दोन ते चार माणसांना हा त्रास आहे, एवढी मंडळी ठरवून ढोंग करत नाहीत.

वैशू, आनुवंशिकतेचं. २००४ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, संधिवाताच्या पेशंटच्या घरच्यांशी तुलना करून बघितलं तर फायब्रोच्या पेशंटच्या सख्ख्या रक्ताच्या नात्यात फायब्रो असण्याची शक्यता आठ पटीहून जास्त निघाली. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण मुलीला होणारच असं नाही त्याचा अर्थ, एकच असं जीन नाहीये, बऱ्याच जीन्सचा थोडा थोडा वाटा. तिच्या हातात काय आहे तर झोप. अकरावी-बारावीच्या नावाखाली रात्री दोनपर्यंत जागरण होऊ देऊ नका एवढंच करा, तिला आजाराचं नाव घेऊन घाबरवू नका.

झोपेवरून आठवलं, या धाग्यात कुणी लिहिलं नाही ते. १९७५ मध्ये टोरांटोच्या मोल्डॉफ्स्की यांनी चांगल्या धडधाकट तरुण पोरांना झोपवलं आणि गाढ झोप लागायला लागली की आवाज करून ती मोडायची, पूर्ण जागं करायचं नाही, नुसती गाढ झोप लागू द्यायची नाही. काही रात्रीत त्या पोरांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की कळ, थकवा. परत नीट झोपू दिल्यावर गेलं. नॉर्वेतही हजारो बायकांना दहा वर्षं धरून बघितलं, ज्यांची झोप कायम खराब होती त्यांच्यात पुढे फायब्रो तिपटीहून जास्त निघाला. तुमच्या सासूबाईंच्या रात्रीच्या उठबशा म्हणजे त्या टोरांटोच्या प्रयोगाहून काय वेगळं होतं? घरात दुसरं कुणी नव्हतं का उठायला?

आणि तो फॉर्म. पूर्वी १९९० च्या नियमाप्रमाणे अंगावरच्या १८ ठरलेल्या जागा दाबायच्या आणि ११ दुखल्या तर फायब्रो. २०१० पासून दाबायची सक्ती गेली, आता १९ भागांपैकी कुठे कुठे दुखतं, वर थकवा किती, झोपून ताजं वाटतं का, विसराळूपणा किती याचे मार्क आणि तीन महिने तरी चालू पाहिजे. तुमच्या नोटा मोजताना विसरण्याला पण त्यात मार्क आहेत, ते वयामुळे म्हणून सोडू नका. आणि २०१६ पासून असंही म्हणतात की दुसरा आजार निघाला तरी फायब्रो रद्द होत नाही, दोन्ही एकदम असू शकतात. म्हणून थायरॉईड निघालाच तर "बघा, फायब्रो नव्हताच" असं नणंदबाई म्हणतील, त्याची तयारी ठेवा.

---

रोखठोक_राव

ठीक आहे, उंदरांचं मला माहीत नव्हतं. तरी व्यायाम आणि झोप हेच औषध निघालं ना शेवटी, मी तेच म्हणत होतो.

---

ताम्हिणी

तुम्ही "मनाचं आहे" म्हणत होतात. असो.

---

ठाणेकर_वैशू

बापरे, एवढी उत्तरं! ऑफिसमध्ये लपून वाचत होते. एकेक सांगते.

लॅबवाले काका, फाईल काढून बसले. थायरॉईड सापडला, पण तो २०२२ चा आहे, तेव्हा ४.९ होता आणि बाजूला एक छोटी चांदणी छापलेली आहे, त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. त्यानंतर केलेलाच नाही!! डी १४ होता. सीपीके कुठेच नाही. ईएसआर १६, सीआरपी नॉर्मल. आणि हो, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, अ‍ॅटोर्वास्टॅटिन १०, गेल्या वर्षी जानेवारीपासून. दुखणं त्याच्या आधी सुरू झालं का नंतर हे आता नीट आठवत नाही, मांड्यांचं मात्र नंतरचं असावं. बंद करू का?

फिजिओताई, बोटं दाबून बघितली होती, सूज नाही म्हणाले. आणि फडताळाचं वाचून मी आणि मुलगी दोघी हसलो, मागच्याच रविवारी केलं मी ते.

ताम्हिणी, घरात उठायला दुसरं कुणी होतं का... होतं. त्यावर घरी बोलणं चालू आहे एवढंच लिहिते. आणि नवऱ्याने हा धागा वाचून सांगितलं की मी खूप घोरते, मध्येच श्वास थांबतो आणि दचकते. मला माहीतच नाही! याचा काही संबंध?

---

जुना_लॅबवाला

संबंध आहे, नक्की सांगा डॉक्टरांना. झोपेत श्वास थांबत असेल तर रात्रभर गाढ झोप लागतच नाही, रात्री मशीन लावून तपासणी होते त्याची, हल्ली घरी नेऊनही करतात.

अ‍ॅटोर्वा मनाने बंद करू नका. ती कशासाठी दिलीये त्यावर आहे, हार्टचा धोका असेल तर महागात पडेल. ज्यांनी लिहून दिली त्यांना फोन करा, "मांड्या दुखतात, सीपीके करू का" एवढंच विचारा, पुढचं ते ठरवतील, कधी काही आठवडे थांबवून बघतात, कधी गोळी बदलतात. ४.९ हा काठावरचा आकडा आहे, त्यावरून लगेच थायरॉईडच असं म्हणू नका, पण तीन-चार वर्षांत तो कुठे गेला हे बघायलाच हवं. टीएसएचबरोबर फ्री टी ४ (थायरॉईडचं हार्मोन) पण सांगा करायला.

---

ठाणेकर_वैशू

परवा अर्धी रजा टाकून जाते. उपाशीपोटी लागतं का? आणि डुलॉक्सेटिन त्या दिवशी घेतली तर चालेल ना?

---

जुना_लॅबवाला

ह्या दोन-तीन टेस्टना उपाशी राहायला नको, चहा-पोहे खाऊन जा, सोबत साखर करणार असाल तर मात्र उपाशी. डुलॉक्सेटिन नेहमीप्रमाणे घ्या. दोन गोष्टी सांभाळा. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन दिवस आधी बंद ठेवा, त्याने थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात आणि लॅबला ते कळत नाही. आणि आदल्या दिवशी फडताळ काढू नका, अंगमेहनतीने सीपीके वाढतो, मग परत रक्त द्यावं लागेल. रिपोर्ट आले की इथे टाका, नाव-पत्ता झाकून.